बाबांचा निकॉन की माझा कॅनन?

प्रश्न : सर, आमचा सांगलीजवळ छोटा स्टुडिओ आहे, बाबा २० वर्षांपेक्षा जास्त काळ लग्नाच्या ऑर्डरी करतायत आणि सगळं निकॉनचं, आत्ता डी७५० कॅमेरा आहे, सोबत लेन्स २४-७०, ७०-२०० आणि त्यांची लाडकी जुनी ८५ एमएम एएफ-डी. मला आता मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचाय, मित्राचा कॅनन आर६ मार्क टू दोन दिवस वापरला आणि हातात असा बसला की सोडवेना, पण बाबा म्हणतात ज्या कंपनीने घर चालवलं तिला सोडायचं नाही, शिवाय लेन्स आपल्याकडे आहेतच. काय करू?
— एक वाचक

उत्तर : आधी बाबांच्या दोन मुद्द्यांची फारकत कर, कारण एक भावनेचा आहे आणि एक हिशोबाचा.

भावनेचं म्हणशील तर कंपन्या आपल्याशी एवढ्या बांधील नसतात रे. कॅननने १९८७ ला ईएफ माउंट (बॉडीला लेन्स जिथे बसते तो जोड) आणला आणि जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीला बसेनाशा झाल्या, लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या. कोनिका मिनोल्टा तर २००६ ला कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. निकॉनने १९५९ चा एफ माउंट खूप सांभाळला हे खरंय, पण २०१८ ला त्यांनीही मिररलेससाठी झेड माउंट आणलाच.

आता हिशोब. बाबांच्या २४-७० आणि ७०-२०० वर एएफ-एस (म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच) लिहिलंय का बघ. असेल तर जुन्या लेन्स झेडला जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतील. पण ८५ एएफ-डीच्या पोटात मोटर नाही, तिला डी७५० च्या बॉडीतली मोटर फिरवते, आणि एफटीझेडमध्ये ती मोटर नाही, म्हणजे झेडवर ती लेन्स हाताने फोकस करावी लागणार. मंगलाष्टका संपून अंतरपाट खाली येतो त्या दोन सेकंदात नवरीच्या डोळ्यावर हाताने फोकस मारायचा म्हणजे जिवाला घोर. त्यामुळे "लेन्स आहेतच" हे दोन तृतीयांश खरं.

तरी कॅनन घेतलास तर यातली एकही लेन्स थेट बसणार नाही, फ्लॅशही वेगळा. निकॉनचा मिररलेस झेड६ टू घेतलास तर बाबांची ईएन-ईएल१५ बॅटरी त्यात चालते (जुनी असेल तर यूएसबीने कॅमेऱ्यात चार्ज होत नाही एवढंच), फ्लॅश अदलाबदल होतो, आणि अल्बम करताना दोन कंपन्यांचे स्किन टोन जुळवत रात्री जागायला लागत नाही. एकाच लग्नात दोघं असाल तर ही फार मोठी सोय आहे.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. निकॉन आणि कॅननची झूम रिंग उलट्या दिशेने फिरते. बाबांचा हात न बघता फिरतो, तुझाही लहानपणापासून तसाच वळलेला असणार. मित्राच्या कॅमेऱ्यावर दोन दिवस निवांत फोटो काढताना हे जाणवत नाही, पण घाईत हात जुन्या सवयीने उलटा जातो आणि जवळ यायच्या ऐवजी माणूस लांब जातो.

म्हणून माझं मत असं, बाबांबरोबर अजून दोन-तीन सीझन करणार असशील तर झेड घे. कंपनीसाठी नाही, एका बॅगेत दोघांचं काम भागतं म्हणून. स्वतःच्या वेगळ्या ऑर्डरी सुरू करणार असशील तर कॅनन घ्यायला काहीच हरकत नाही, हातात बसणं ही चैन नव्हे, दिवसाला दहा-बारा तास तो हात कॅमेऱ्यालाच असतो. फक्त आधी आर६ भाड्याने घे आणि हळदीपासून वरातीपर्यंत एक पूर्ण लग्न कर, बाबा डी७५० घेऊन शेजारी असू देत म्हणजे ग्राहकाचं नुकसान नको.

८५ मात्र विकू नका. डी७५० वरच राहू दे, नवरीचे एकटीचे फोटो बाबांनाच काढू दे.