क्वालालंपूर, इस्लामिक फायनान्स आणि तुझे चार प्रश्न

सलाम. तू लिहिलं आहेस की एम.कॉम. झालंय, क्वालालंपूरला येऊन पीएचडी करायची आहे, आणि विषय साधारण ठरलाय: इस्लामिक बँका (व्याज हराम म्हणून व्याजाविना चालणाऱ्या) आणि हलाल पर्यटन (मुस्लिम प्रवाशांच्या धार्मिक सोयी सांभाळणारं) यांच्याबद्दल लोकांना काय वाटतं. नवरा आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर येणार. पुढे चार प्रश्न: या संशोधनात दम आहे का, लोक कसे आहेत, मुलाच्या शाळेचं काय, आणि आपा, एकटं वाटतं का. व्हिसाची पायरी-पायरीची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे, फी विद्यापीठाच्या. त्यात मी शिरत नाही. मी इथे इस्लामिक फायनान्स शिकवते, त्या अनुभवावर बोलते.

शेवटचा प्रश्न आधी उरकते. वाटतं एकटं. पहिली ईद वाईट जाते, दुसरी बरी जाते, तिसरीला तूच कुणाला तरी जेवायला बोलावतेस. झालं.

आता विषय. जागा तू बरोबर निवडली आहेस. हजसाठी जमीन-जनावरं विकणाऱ्या, पैसे घरात दडवून ठेवणाऱ्या खेडुतांसाठी व्याजाविना बचतीची सोय करावी, असा प्रस्ताव उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये इथे मांडला. त्यातून जी संस्था उभी राहिली ती आजची ताबुंग हाजी. १९८३ मध्ये इस्लामिक बँकांचा कायदा झाला, बँक इस्लाम सुरू झाली, गोंबाकचं आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठही त्याच वर्षीचं. २००५ मध्ये तर मध्यवर्ती बँकेनेच या एका विषयासाठी इन्सेफ ही संस्था काढली. वाचनालयात तुला आपल्याकडचंही एक नाव जागोजागी भेटेल, अलीगढचे प्रा. नेजातुल्लाह सिद्दीकी, १९८२ च्या किंग फैसल पुरस्काराचे मानकरी. भारतातून आलेय म्हटलं की इथले जुने प्राध्यापक अजून त्यांचं नाव काढतात, आणि आपण उगाच ताठ बसतो.

पण तुझा विषय म्हणजे लोकांचा दृष्टिकोन, आणि तिथे गंमत आहे. जॉर्डनमधल्या बँक ग्राहकांवर एरोल आणि एल-बदूर यांचा निबंध १९८९ मध्ये आला. त्यात दिसलं की इस्लामिक बँक निवडताना धर्म हे मुख्य कारण नव्हतं, लोक नफ्याकडे बघत होते. १९९४ मध्ये मलेशियात हारून आणि सहकाऱ्यांनी मुस्लिम आणि बिगरमुस्लिम ग्राहकांची तुलना केली, बँक निवडण्याच्या कारणांत फारसा फरक सापडला नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या अभ्यासात तर मुस्लिमांनाही या बँकांबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. हे तीन निबंध आधी नीट वाच. मुळातला प्रश्न तिथेच विचारून झालाय, आणि उत्तर जरा अडचणीचं आहे.

त्यानंतर जे आलं त्यात मीही आहे, म्हणून मोकळेपणाने बोलते. २०१० मध्ये इस्लामिक मार्केटिंगला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक निघालं, पीएचडीसाठी स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकांमधले निबंध मागायला लागले, आणि एक साचा पडला. माणूस एखादी गोष्ट का करतो हे सांगणारा, मानसशास्त्रज्ञ आयझेनचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत घ्यायचा: वृत्ती, आजूबाजूच्यांचा दबाव, आपल्या हातात किती आहे याची जाणीव. त्याला 'धार्मिकता' नावाचं चौथं शेपूट जोडायचं. एक ते पाच गुणांची प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची, भरणार आपल्याच विद्यापीठातली पोरं. स्मार्टपीएलएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, घटकांना जोडणारे बाण ठळक आले की निबंध तयार. देश बदलला की पुन्हा नवा निबंध. हल्ली तर प्रश्नावलीही लागत नाही, जुन्याच निबंधांची मोजदाद करून व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमधून रंगीत जाळी काढली की 'संशोधनाचा कल' या नावाने छापून येतं. विषय तेवढे बदलतात. कधी फिनटेक, कधी वक्फ, २०१७ मध्ये मलेशियात पहिला हरित सुकुक (पर्यावरणपूरक प्रकल्पासाठीचा शरियानुसारी रोखा) निघाल्यापासून पर्यावरण.

त्या साच्यातलं एक विधान असतं: 'मी स्वतःला धार्मिक समजतो/समजते.' एक ते पाच. मी ते किती लोकांना विचारलं असेल कुणास ठाऊक. स्वतःला विचारायची वेळ आली ती इथे नोकरी लागल्यावर, वैयक्तिक कर्ज घेताना. कर्ज म्हणायचं नाही, वित्तपुरवठा. पद्धत तवर्रुकची: बँक तुमच्यासाठी पामतेल विकत घेते, नफा चढवून तुम्हाला उधारीवर विकते, तुमच्याच वतीने ते तिसऱ्याला रोखीने विकते, आणि रोख तुमच्या खात्यात. मी सही केली आणि न पाहिलेल्या तेलाची काही मिनिटं मालकीण झाले. अधिकाऱ्याला विचारलं, तेल कुठे आहे? तो हसला, फार गोड हसला, आणि पुढचं पान उलटलं.

आता बघ. २००९ मध्ये इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र) अकादमीने असा आधीपासून ठरवून केलेला तवर्रुक नाजायज म्हटला. त्याच २००९ मध्ये क्वालालंपूरच्या शेअर बाजाराने याच व्यवहारांसाठी पामतेलाचा खास मंच सुरू केला, बुर्सा सूक अल-सिला. इथल्या शरिया सल्लागार परिषदेने परवानगी दिलेली आहे, म्हणजे कायद्याने सगळं चोख. मी सकाळी वर्गात हा वाद शिकवते, आणि माझा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो. मला कोणी प्रश्नावली दिली तर 'इस्लामिक बँकेवर विश्वास' पुढे मी पाच लिहीन, वेळ जाऊ नये म्हणून. लोकही तेच करतात असा माझा दाट संशय आहे. लोकांचा इरादा विचारू नकोस. सही केलेल्या करारातलं त्यांना काय कळलं ते विचार, त्यांच्यासमोर करार ठेवून. यावर काम थोडं आहे, कारण त्याला वेळ लागतो.

हलाल पर्यटनाची बाजू पातळ आहे पण जिवंत आहे. २०१५ पासून मास्टरकार्ड आणि क्रेसेंटरेटिंग ही मुस्लिम प्रवासावर काम करणारी कंपनी दरवर्षी मुस्लिम प्रवाशांच्या सोयीनुसार देशांची क्रमवारी लावतात, मलेशिया बहुधा वर असतो, आणि प्रत्येक प्रबंधाचं पहिलं पान तिथून उचललेलं असतं. प्रवाशांना काय हवं हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे: हलाल जेवण, नमाजाला जागा, शौचालयात पाणी. यजमानांना काय वाटतं हे मात्र फार थोडे विचारतात. इंडोनेशियात लोम्बोक बेटाने हलाल पर्यटनाचा झेंडा मिरवला, पण तोबा सरोवराकाठी, बहुसंख्य ख्रिस्ती बताक लोकांच्या प्रदेशात, २०१९ मध्ये याच कल्पनेला लोकांनी उघड विरोध केला. बालीनेही तिला नकारच दिला. उलट जपान आणि तैवान हे बिनमुस्लिम देश आपणहून नमाजाच्या खोल्या बांधतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. असं का, हा खरा प्रबंधाचा विषय. आणि रायानी एअर विसरू नकोस. डिसेंबर २०१५ मध्ये उडालेली मलेशियाची शरियानुसार चालणारी विमान कंपनी, दारू नाही, उड्डाणाआधी दुआ. मालक एक हिंदू जोडपं. जून २०१६ पर्यंत परवाना रद्द, आणि त्याचं धर्माशी काही देणंघेणं नव्हतं, कारभारच धड नव्हता.

लोक कसे आहेत म्हणतेस, तर चांगले आहेत. इस्लामिक बँकेच्या रांगेत तुझ्या पुढे चिनी बाई आणि मागे तमिळ काका असतील, हप्ता परवडतो म्हणून आलेले. त्यांना कोणी धार्मिकता विचारत नाही. विचारतात ते आपल्याला.

म्हणजे शाळेत. इथे मुस्लिम मुलांना इस्लाम शिक्षण असतं, बाकीच्यांना नैतिक शिक्षण. आमचं आडनाव 'कर' ने संपणारं, मुलीचं नाव अरबी नाही, मध्ये 'बिंती' (अमक्याची मुलगी) नाही. कारकुनाने फॉर्मवर 'भारत' वाचलं आणि तिला नैतिकच्या वर्गात बसवलं. धर्माच्या रकान्यात मी स्वच्छ लिहिलं होतं, तो रकाना कोणी बघितलाच नाही. आम्हाला कळलं तोवर सत्र सरत आलं होतं. बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, मुलगी मुस्लिम असल्याचं मशिदीचं पत्र आणा. मी, जिचा पगार इस्लामिक फायनान्स शिकवण्याचा आहे, इमामांसमोर बसून आम्ही मुसलमान असल्याचा दाखला मागत होते. त्यांनी चहा दिला, पत्र दिलं, एक प्रश्न विचारला नाही. शाळेचा राग अजून गेलेला नाही, गेला असता तर इतकं लिहिलं नसतं. आणि वर्ग बदलला त्या दिवशी मुलगी घरी येऊन रडली, तिच्या मैत्रिणी सगळ्या नैतिकमध्ये होत्या. आता मोठी झाली तरी म्हणते, अम्मी, तू ते माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी? उत्तर तयार नाही.

तू जे विचारलं नाहीस ते आता. तुझ्या विद्यार्थी पासवर (राहण्याच्या परवान्यावर) नवरा अवलंबित म्हणून येईल, आणि त्या पासवर त्याला नोकरी करता येणार नाही. हे संकेतस्थळावर एका ओळीत असतं. माझा नवरा साध्या बँकेत कर्ज विभागात होता. माझी पहिली फी त्याच्या पगारातून गेली, म्हणजे व्याज हराम कसं हे शिकायचा खर्च व्याजातूनच झाला. नातेवाइकांनी हे आम्हाला ऐकवलंही. तो नोकरी सोडून आला. इथे कोणी विचारलं की सांगतो, व्याजाचं काम होतं, सोडलं. लोक माशाअल्लाह म्हणतात, हात हातात घेतात. घरात तो यावर काही बोलत नाही. श्रद्धेने सोडलं की माझ्यासाठी, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. एवढ्या लोकांना प्रश्नावल्या दिल्या, त्याला नाही. तुझ्या नवऱ्याशी हे बोलणं तिकीट काढायच्या आधी कर, आणि दोघंच असताना कर, सासू-सासऱ्यांसमोर नको.

परतून भारतात या पदवीचं काय होईल? बँकेतली नोकरी धरून चालू नकोस. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. शरियानुसारी म्युच्युअल फंड आहेत, पण तिथे माणसं किती लागणार. शिकवणं उरतं.

कागदांचं एवढंच: निकाहनामा उर्दूत असेल तर इंग्रजी अनुवाद शिक्क्यासह तिकडूनच करून आण, आमचा इथे येऊन अडकला होता. मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव पासपोर्टसारखंच हवं, एका अक्षराचाही फरक नको. शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना भरून गप्प बसू नकोस, समोरच्याला तोंडाने सांग आणि त्याने लिहिलेलं वाचून घे. प्रस्तावाचा मसुदा झाला की पाठव, मी वाचीन. नमुन्यात विद्यापीठातली पोरं दिसली तर तसाच परत पाठवीन.