तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना काय सांगाल? आणि कोणतं साहित्य टिकतं?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात: या वयाच्या मुलांना एकच सल्ला द्यायचा तर कोणता, आणि काही साहित्य शेकडो वर्षं का टिकतं. माझ्यापुरतं दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, पाठांतरात. परीक्षेच्या पाठांतरात नव्हे. आपल्याला भिडलेल्या ओळींच्या.

मी सोलापुरात, पूर्व भागात संध्याकाळी मुलांना मराठी शिकवतो. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. एकदा चोखोबांचा अभंग घेतला होता, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. आठवीतल्या एका मुलाला बाकीची पोरं रंगावरून चिडवायची. तास सुटल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, ‘सर, ती ओळ परत सांगा की.’ वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली आणि गेला. आता ती त्याला तोंडपाठ आहे. मी त्याची समजूत घालायला बसलो असतो, तर त्यातलं एक वाक्यही दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत शाळेत गेलं नसतं.

चोखोबा इथलेच, मंगळवेढ्याचे. तिथेच १३३८ साली गावकुसाच्या कामावर असताना भिंत अंगावर कोसळून गेले. जातीमुळे ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांचे शब्द वारकऱ्यांनी जवळपास सातशे वर्षं गात गात आपल्यापर्यंत आणले. ना राजाश्रय, ना छापखाना. सांगणं खरं होतं म्हणून टिकलं, हे तर झालंच. पण खरं पुष्कळ जण बोलतात. चोखोबांनी ते रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या उसातून सांगितलं, एका दमात म्हणता येईल अशा ओळीत सांगितलं. मला हे कारण जास्त मोठं वाटतं.

सोलापूरच्या मुलांना तर याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. ज्यांची यात्रा आपण दर संक्रांतीला भरवतो त्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली कन्नड वचनं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या नाममुद्रेसह, म्हणजे कवीच्या सहीसारख्या शब्दांसह, आजही म्हटली जातात. शाहीर राम जोशी इथलेच, पेशवाईच्या अखेरच्या काळातले. ‘हटातटाने पटा रंगवुन जटा धरिशी का शिरी’ ही त्यांची ओळ पोरं अर्थ कळायच्या आधीच घोळवायला लागतात. फडावर कानांनी ऐकायचं म्हणून रचलेलं आहे ना ते!

मात्र टिकलेलं सगळंच चांगलं, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. जातीवरून, बायकांवरून टोचणाऱ्या म्हणीही तितक्याच टिकल्या आहेत, आणि त्याही सोप्या, यमकदार आहेत. म्हणून ओळ पाठ करण्याआधी ती कुणाला खाली दाखवते आहे का, हे बघायला शिका. तेराव्या वर्षी हे नीट कळतं.

करायचं एवढंच: रोज थोडं मोठ्याने वाचा, जीभ जिथे परत परत जाते ती ओळ वहीत उतरवा. घरात आजी असेल तर तिच्या ओव्या तिच्याकडून ऐका, भाषा कोणतीही असो. आणि आईवडिलांनो, पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ असं मात्र करू नका. पोरांना त्याने हमखास नावड बसते.