दसऱ्याच्या आत बहिणीचं लग्न थांबवायचंय

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीड जिल्ह्यातली, वय २२. आईअण्णा दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात ते पार एप्रिलमध्ये परत येतात. माझं लग्न १६ व्या वर्षी झालं, दहावीचे पेपर पण देता आले नाहीत, सतराव्या वर्षी मुलगा झाला तेव्हा अंगात रक्तच नव्हतं, दोन पिशव्या चढवल्या, पोरगं पावणेदोन किलोचं. आता धाकटी नववीत आहे, १५ वर्षांची, माझ्यापेक्षा हुशार. आजवर ती आजीपाशी राहायची पण आजी शिमग्याला वारली. आई म्हणते हिला गावात एकटी कुणाच्या जिवावर सोडू, आणि सोबत न्यावी तर तिकडं कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, धड दार पण नसतं. मुकादमाच्या ओळखीतलं स्थळ आलंय, दसऱ्याच्या आत उरकायचं चाललंय. मी नको म्हणाले तर अण्णा म्हणतात, तुझं नाही का झालं? मला आईबापावर केस करायची नाहीये, पण हिचं माझ्यासारखं होऊ द्यायचं नाही. काय करू? – थोरली

उत्तर: अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. आईवर रागावू नकोस. सहा महिने पोरीला ठेवायचं कुठं हे कोडं तिला पडलंय आणि आसपास सगळ्यांनी त्याचं एकच उत्तर काढलेलं तिनं बघितलंय. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्याच्यावर मिळतात, म्हणून मुलाकडच्यांनाही सून हंगामाच्या आधीच पाहिजे असते. त्यात गावातली शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते, मोफत शिक्षणाचा कायदा पण १४ वर्षांपर्यंतच धरतो, म्हणजे नेमकं जिथं पोरीला आधार पाहिजे तिथंच सगळं सुटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात जवळपास ४४ जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं, राज्यात हेच शंभरात २२. तुम्ही दोघी बहिणी एकट्या नाही आहात, एवढ्यासाठी सांगितलं.

म्हणून आधी राहायची सोय कर, लग्नाचं भांडण नंतर. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, मुलींचं वेगळं असतं, समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन जागा आणि कागदपत्रं विचार. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात पण चौकशी कर, तिथं राहणं-जेवण फुकट असतं. गावाच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालत असेल तर हेडमास्तरांना विचार, पण ते बहुतेक लहान वर्गांच्या पोरांसाठी असतं, नववीवाल्या मुलीचं जमेलच असं नाही. आईअण्णांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळतं, ते आधी काढून घे. आणि वसतिगृह बघायला आईला सोबत ने, प्लीज, एकटी जाऊन कागद आणू नकोस. दाराला कडी आहे का, रात्री बाई असते का, हे आईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर निम्मं काम झालं. अण्णांना खर्चाची धास्ती असेल तर हे पण सांग की मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे.

आता केसचं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं लग्न लावून देणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण ते लग्न लागल्यावर. आधी थांबवलं तर सहसा आईबापाला बोलावून समज देतात, १८ पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं हमीपत्र लिहून घेतात. ज्याच्याकडून ओळखपत्र काढायचं तोच ग्रामसेवक गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी पण असतो, त्याच्या कानावर घाल. तो गप्प बसला तर १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला, फोन लाव, फुकट आहे, रात्री पण लागतो, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. कोर्टाचा मनाईहुकूम आणला तर त्यानंतर लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच धरलं जात नाही. तारीख धरायच्या आधी हल, हळद लागली की माणसं हट्टाला पेटतात.

अण्णांच्या "तुझं नाही का झालं" ला उत्तर तूच देऊ शकतेस. त्या दोन पिशव्या रक्ताचं त्यांना शांतपणे सांग, आईसमोर. आणि तू पण १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बस, धाकटीसोबत अभ्यास होईल, लग्न झालं म्हणून परीक्षा बंद होत नाही.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. वस्तीवर १६ वर्षांची लग्न झालेली मुलगी आहे, तिसरा महिना. पोलीस केस होईल म्हणून घरचे सरकारी दवाखान्यात नेत नाहीत.

उत्तर: ताई, खोटा दिलासा देऊ नका. १८ च्या आतली मुलगी गरोदर असली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, लग्न झालेलं असलं तरी. पण त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. तिला हे मूल नको असेल तर अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, पालकाची लेखी संमती लागते, आणि मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव न कळवता रिपोर्ट द्यावा असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. म्हणून पहिला प्रश्न तिला विचारा, सासूला बाहेर बसवून. ठेवायचं ठरलं तर याच आठवड्यात नोंदणी, रक्त आणि बीपी तपासणी, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू, लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून, कारण या वयात बीपी चढून झटके येण्याची भीती जास्त असते. वस्तीवरच्या जाणत्या बाईवर बाळंतपण सोडू नका, १०८ चा नंबर तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या. लगेच पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, ते बाळंतपणानंतर कधी सुरू करायचं हे डिस्चार्जच्या आधीच नर्सला विचारून ठेवा, नंतर ती परत येईल याची खात्री नसते. शाळेत तिचं नाव अजून पटावर असेल तर ते कमी करू नका म्हणून हेडमास्तरांना आजच सांगा.