साखरपुड्याच्या दिवशी कंबर का दुखली नाही?

"डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवले, म्हणजे माझे दुखणे खोटे आहे असे त्यांना वाटते का?" जुनाट वेदना सोसणारी बहुतेक माणसे हा प्रश्न पहिल्याच भेटीत, कधी उघडपणे तर कधी आडून, विचारतात. पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहिणीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो जवळजवळ भांडणाच्या सुरात विचारला. एमआरआयच्या फिल्मचे मोठे पाकीट त्यांनी मांडीवर घट्ट धरले होते. अहवालात मणक्यांमधील चकत्यांची झीज दिसत होती. पण काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या तपासणीतही ती आढळते. शस्त्रक्रियेची गरज नाही, असा अस्थिरोगतज्ज्ञांचा निर्वाळा होता.

त्यांचा खरा सल मात्र वेगळाच होता. मुलीच्या साखरपुड्यात त्या तासन्‌तास उभ्या राहून पाहुण्यांचे हवे-नको पाहत होत्या आणि तेव्हा कंबर फारशी जाणवलीच नाही. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना, तेव्हा नणंद म्हणाली, "काल कुठे गेले होते दुखणे, वहिनी?" हे वाक्य त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवले. अनेक रुग्णांना मूळ दुखण्याइतकाच असा संशय छळतो, असे माझे मत आहे.

मी त्यांना सांगितले की, नणंदेने बोट ठेवले ती घटना ढोंगाचा पुरावा नसून चेतासंस्थेच्या रोजच्या कामकाजाचा नमुना आहे. कंबरेकडून निघालेला संदेश थेट मेंदूत पोहोचत नाही. तो आधी मज्जारज्जूच्या मागील भागातील पेशींपाशी येतो आणि पुढे किती जोराने जायचा, हे बऱ्याच अंशी तेथेच ठरते. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये या जागेला फाटकाची उपमा दिली. या फाटकावर मेंदूचाही हुकूम चालतो. मध्यमेंदूतील एका लहानशा करड्या भागातून निघालेले आदेश मस्तिष्कस्तंभातून मज्जारज्जूत उतरतात आणि शरीरातच तयार होणारी अफूसदृश रसायने, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन व सेरोटोनिन यांच्या मदतीने वर येणारा संदेश मंद करतात किंवा कधी उलट तीव्रही करतात. संशोधक डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या मेंदूतील याच भागाला विजेने उत्तेजित करून, रासायनिक भूल न देता, त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली होती.

"पण शेवटी मनच ना, मॅडम?" त्यांनी विचारले. त्यावर मी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील २००९ मधील एका प्रयोगाविषयी सांगितले. निरोगी व्यक्तींच्या हाताला साधे मलम लावून ते प्रभावी वेदनाशामक असल्याचे सांगितले गेले आणि मग उष्णतेने वेदना दिली गेली. त्या वेळी वेदना तर कमी जाणवलीच, शिवाय मज्जारज्जूतील प्रतिसादही घटल्याचे एमआरआयमध्ये दिसले. अपेक्षा मनात निर्माण होते हे खरे, पण तिचा परिणाम पाठीच्या कण्यातील पेशींवर मोजता येतो. त्याला काल्पनिक कसे म्हणावे?

मेंदूकडून मज्जारज्जूला जाणारे हे आदेश आपल्याला ठरवून देता येत नाहीत. म्हणूनच "मनावर घेऊ नकोस" हा घरोघरी मिळणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. साखरपुड्यात लक्ष आणि उत्साह यांनी संदेश दबला असावा. दुसऱ्या दिवशी श्रम, अपुरी झोप आणि वर तो टोमणा, यांनी तोच संदेश वाढवला असावा.

डॉक्टरांनी दिलेली ड्युलॉक्सेटिनची गोळी त्यांनी "ही तर नैराश्याची" म्हणून सुरूच केली नव्हती. ती नैराश्यातही देतात, हे खरे. पण ती नॉरअ‍ॅड्रिनॅलिन व सेरोटोनिन यांचा प्रभाव वाढवते आणि वेदनेवरील तिचा परिणाम प्रामुख्याने मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या याच मार्गातून होतो, असे मानले जाते. हे कळल्यावर त्या डॉक्टरांशी पुन्हा बोलल्या आणि त्यांनी गोळी सुरू केली. आमच्या भेटींत झोपेची वेळ, वाकण्याची भीती आणि थोडे थोडे वाढवत न्यायचे चालणे यांवर काम झाले. एका भेटीला यजमानांनाही बोलावले. कंबर आजही दुखते, मात्र पूर्ण दिवस अंथरुणात जाण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. पायात अचानक अशक्तपणा आला, जांघेत बधिरपणा जाणवला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर माझ्या भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हेही मी त्यांना कागदावर लिहून दिले आहे.