हॉटेलच्या बाथरूममध्ये ‘टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा’ अशी पाटी असते. त्यानं खरंच काही फरक पडतो का?

पडतो. पण आधी लाँड्रीच्या बिलात, मग पर्यावरणात. मी चौदा वर्षं हॉटेलांच्या मेंटेनन्समध्ये आहे, आधी गोव्यात आणि आता मुंबईत. ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्दच मुळी या पाटीवरून निघाला. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्यानं १९८६ मध्ये तो वापरला, तेव्हा टॉवेलचं कौतुक सांगणारी हॉटेलंच त्याच्या डोळ्यांसमोर होती.

खरा खेळ पाहुण्यांना दिसत नाही अशा ठिकाणी चालतो. मोठ्या हॉटेलचं वीजबिल फुगतं ते मुख्यतः एसीच्या चिलरमुळे, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रामुळे. चिलर जी उष्णता बाहेर फेकतो, तिच्यावरच आंघोळीचं पाणी तापवता येतं. तेवढं केलं तरी बॉयलरचं डिझेल बरंच वाचतं, पण याची पाटी कुणी लावत नाही.

दुसरी जागा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. गोव्यातल्या एका हॉटेलात रात्री वीज वाचवायची म्हणून एसटीपीचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायचा हुकूम होता. टाकीतला मैला खाणारे जिवाणू हवेवर जगतात. रात्रभर हवा नाही, की ते मरायला लागतात आणि पाणी सडतं. ते पाणी सकाळी बागेला सोडलं, तेव्हा नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांच्या इडलीला सडक्या अंड्याचा वास! वरून आदेश आला, बागेत अगरबत्त्या लावा. लावल्या की आम्ही. वर ब्लोअरच्या लॉगबुकात ‘२४ तास चालू’ असंही लिहिलं. हेही पर्यावरण व्यवस्थापनच, फक्त कागदावरचं.

किचनचा ऑइल-ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, वेळेवर उपसला नाही, तरी तेल एसटीपीत उतरतं आणि तोच तमाशा होतो. ओल्या कचऱ्याचं म्हणाल, तर दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांनी तो शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत म्हटलं होतं. कंपोस्टचं मशीन बहुतेक ठिकाणी असतं. चालू असतंच असं नाही.

मनावर घेतलं तर जमतं, हेही सांगतो. विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्यात १९९७ मध्ये ऑर्किड हॉटेल सुरू केलं ते पर्यावरणाचा विचार बांधकामापासून करूनच. तिथल्या खोल्यांत एसीसाठी एक हिरवं बटण दिलं होतं. पाहुण्यानं ते दाबलं, की खोलीचं ठरवलेलं तापमान आपोआप थोडं वर सरकायचं आणि वीज वाचायची. इथे पाहुण्याला उपदेश नाही, हातात बटण आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

तुम्हाला पारख करायचीच असेल तर रिसेप्शनवर एवढंच विचारा, ‘एसटीपीचं पाणी कुठे वापरता?’ फ्लशला, बागेला, एसीच्या कूलिंग टॉवरला असं चटकन सांगितलं तर ठीक.

आणि ‘पुन्हा वापरणार’ म्हणून टॉवेल हुकाला लावूनही बदललेला दिसला, तर हाउसकीपिंगच्या पोरावर चिडू नका. ‘ओलाच टॉवेल ठेवला’ अशी एक तक्रार गेली की सुपरवायझरच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात.