तुर्की ‘ताने’ आणि आपला दाणा

‘टेबलावर दोन सफरचंदं आहेत’ याचं तुर्की ‘मासादा इकी ताने एल्मालार वार’ असं केलं. चुकलं कुठे आणि हे ‘ताने’ काय, अशी विचारणा आहे.

चुकलं ते ‘लार’. आकडा आला की तुर्कीत अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही : इकी एल्मा, बेश एल्मा, यूझ एल्मा (दोन, पाच, शंभर सफरचंदं). मराठी माणूस इथे का अडखळतो, कळत नाही. ‘लग्नाला पाचशे माणूस होतं’ असं आपण म्हणतोच की! (अंकारात ‘बेशेव्लेर’, म्हणजे ‘पाच घरं’, नावाची वस्ती आहे, तिथे ‘लेर’ हा अनेकवचनाचाच प्रत्यय दिसतो, पण ते विशेषनाम, त्यावरून वाद नको.)

‘ताने’ घातलाच पाहिजे असं शिकवणारे तर डोक्यात जातात. ‘इकी एल्मा’ पूर्ण शुद्ध आहे. ताने येतो सुटे नग दाखवायला. फळवाल्याला नुसतं ‘इकी ताने’ म्हटलं तरी पुरतं. माणसांना ‘किशी’ : उच किशी, तीन जण.

आणि हा ताने म्हणजे फारसी ‘दाना’. आपला दाणा तोच! शेंगदाणा, अनारदाणा, दाणागोटा. बेदाणा तर फारसीत सरळसरळ ‘बिनबियांचा’. दाणा ‘धान्य’पासून आला म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, ‘ध’ गेला कुठे? धान, धने यांत तो अजून ठणठणीत आहे. निशानचं निशाण झालं, तसं दानाचं दाणा. संस्कृत ‘धाना’, म्हणजे भाजलेलं धान्य, हा फारसी दानाचा भाऊ, बाप नव्हे. नेपाळीतही फळं दाण्यांनीच मोजतात : ‘दुई दाना स्याउ’. तुर्कीत हिमाचा कण ‘कार तानेसी’, आणि लाडक्या माणसाला हाक ‘बिर तानेम’, माझा एकच दाणा! आपल्याकडे असं कुणी म्हटलं तर मार खाईल.

हां, ‘वार’ राहिलंच. वार म्हणजे आहे, योक म्हणजे नाही. ‘एल्मा योक’ : सफरचंद नाही, संपलं. पण समोरच्या पेरूकडे बोट दाखवून ‘हे सफरचंद नाही’ म्हणायचं तर योक चालत नाही, तिथे ‘देईल’ लागतं : ‘बु एल्मा देईल’. (देण्याघेण्याशी संबंध नाही.) हा घोळ होतो, कारण हल्ली जिथेतिथे ‘नाही’ ठोकून देतात. आजीच्या तोंडी ‘हे सफरचंद नव्हे’ असायचं. योक म्हणजे नाही, देईल म्हणजे नव्हे.