सिम्स ४ मधला प्राण्यांचा दवाखाना तोट्यात का जातो, आणि व्हेट होऊ पाहणाऱ्या मुलीला त्यातून काय मिळतं

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आठवीतल्या मुलीने ‘द सिम्स ४’ या, आभासी माणसांचं आयुष्य चालवायच्या गेमच्या ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पॅकमध्ये (म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या जोडभागात) दवाखाना काढला, हाताखाली दोन माणसं ठेवली, तरी पैसे रोज कमीच होतायत आणि कुत्र्या-मांजरांचे मालक चिडून निघून जातायत, ही पहिली. आणि तिला मोठेपणी प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, तर या खेळातून तिला खरंच काही कळतं की नुसताच वेळ जातो, ही दुसरी. हा पॅक नोव्हेंबर २०१७ मध्ये आला तेव्हापासून मी तो खेळतेय आणि दवाखाना हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला तपासणीच्या टेबलापाशीच सापडतं.

आधी तोट्याचं बघू. बहुतेक नवे खेळाडू दवाखान्याकडे दुकान म्हणून बघतात. जास्त माणसं, जास्त टेबलं, जास्त गिऱ्हाईक. या खेळात तसं चालत नाही. पगार तासावर लागतो, रोगी असो वा नसो. दवाखान्याचा गल्ला घरच्या पैशांपासून वेगळा असतो, त्यामुळे घरात सिमोलियन (खेळातले पैसे) खेळत असले तरी दवाखाना कोरडा पडू शकतो. कमाई ठरते ती किती जनावरं आत आली यावर नाही, तर किती जनावरांचं निदान नीट झालं यावर. म्हणून मुलीला पहिलं सांगा: दोन्ही माणसांना सध्या रजा दे. एकटीने, एका टेबलावर दवाखाना चालव.

आता टेबलावर काय होतं ते नीट बघायला हवं. रोगी टेबलावर आला की तपासणीचे वेगवेगळे पर्याय येतात आणि प्रत्येक तपासणीने निदान थोडं पुढे सरकतं. पण त्याचबरोबर जनावराचा ताणही वाढतो. सगळी मेख इथेच आहे. घाईघाईने एकामागून एक तपासण्या केल्या की निदान पूर्ण व्हायच्या आत ताण टोकाला जातो, आणि मग उपचार बरोबर दिला तरी मालक नाराज होऊन कमी तारे देतो. निदान अर्धवट असताना अंदाजाने उपचार निवडला, तर तो चुकायची शक्यता असते. नवीन खेळाडू या दोन टोकांमध्येच अडकतात. आधी घाई करतात, मग घाबरून अंदाज बांधतात.

यावर उपाय साधा आहे, फक्त संयम लागतो. एक-दोन तपासण्या, मग जनावराला शांत करणं, मग पुन्हा तपासणी. ताण थोडा जरी वाढलेला दिसला तरी थांबून कुरवाळायचं, धीर द्यायचा. निदान पूर्ण झालं की आजार कोणता ते कळतं आणि योग्य उपचारही समोर येतो. तोच निवडायचा. त्याहून स्वस्त किंवा महाग पर्यायाच्या मोहात पडायचं नाही. या पद्धतीने दिवसाला कमी रोगी होतील, पण जवळजवळ प्रत्येक मालक खूश होऊन जाईल. दवाखान्याचे तारे पाचपर्यंत जातात, आणि ते असेच एकेका रोग्यातून चढतात.

दुसरी गोष्ट कौशल्याची. व्हेटरिनेरियन हे स्किल दहा पायऱ्यांचं आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांवर तपासणी हळू होते, म्हणजे त्याच रोग्याला जास्त वेळ आणि जास्त ताण. औषधं बनवायच्या स्टेशनवर औषधं करत बसलं तरी हे स्किल वाढतं, आणि तेव्हा कोणाचं जनावर पणाला लागलेलं नसतं. मुलीला म्हणावं, पहिले काही दिवस दवाखाना उशिरा उघड, सकाळ औषधं बनवण्यात घाल. बनवलेली औषधं वेंडिंग मशीनमध्ये ठेवून विकताही येतात, त्यामुळे तो वेळ पूर्णपणे वाया जात नाही.

दरांवरची टक्केवारी, म्हणजे मूळ दराच्या वर किती घ्यायचे ते, सुरुवातीला कमी ठेवावी. मालक दर आणि मिळालेली सेवा ताडून बघतात. नवख्या डॉक्टरने जास्त पैसे घेतले की तारा जातो. तीन तारे झाल्यावर दर थोडे वाढवायला हरकत नाही. पर्क पॉइंट (दवाखान्यासाठी जादा सोयी घ्यायचे गुण) मिळतील ते साठवून ठेवा. पहिल्याच दिवशी दिसेल ते विकत घेऊ नका. आणि बाहेर रोगी ताटकळत असले तरी सिम, म्हणजे मुलीचं खेळातलं पात्र, थकली, भुकेली झाली की दवाखाना बंद करायचा. या खेळात तुम्ही पाटी फिरवाल तेव्हा दवाखाना बंद, अशी मुभा आहे, ती वापरायची. थकलेल्या डॉक्टरच्या हातून दिवसाच्या शेवटी जे दोन रोगी निसटतात तेच सकाळची कमाई खाऊन टाकतात, असा माझा अनुभव आहे.

माणसं कधी ठेवायची? स्वतःचं स्किल मधल्या पायऱ्यांवर पोहोचलं आणि रोगी खुर्च्यांवर बसून कंटाळू लागले की. आणि ठेवताना स्वस्त माणूस बघू नका, स्किल असलेला बघा. एका डॉक्टरमागे एक टेबल, हा हिशेब मी कधी मोडत नाही. ब्रिंडलटन बे या गावातला तयार दवाखाना घेतलाय की रिकाम्या जागेवर स्वतः बांधलाय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन्हीकडे हेच लागू पडतं.

आता खरा प्रश्न, यातून तिला काय मिळतं.

‘सिम्स ३’मध्ये २०११ साली ‘पेट्स’ आलं होतं. त्यात कुत्रा, मांजर, घोडा हे तुमच्या ताब्यात असायचे. त्यांच्या भुकेची, झोपेची पट्टी माणसांसारखीच समोर दिसायची. ‘सिम्स ४’मध्ये ते काढून टाकलं. प्राणी तुमच्या हुकमाने चालत नाही आणि त्याच्या गरजांची पट्टीही दिसत नाही. अनेक खेळाडूंना हे आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. मला मात्र वाटतं, दवाखान्याला जीव आला तो याच निर्णयामुळे. कुत्र्याला काय होतंय हे पट्टीवर लिहून येत असतं तर तपासणीला अर्थच उरला नसता. इथे तुम्हाला तो कसा चालतो, किती खाजवतो, जेवणाकडे बघतो की नाही, नाकाचा रंग बदललाय का, हे बघावं लागतं. आजार मुद्दाम काल्पनिक ठेवलेत, एखाद्याचं नाक लाव्ह्यासारखं लाल होतं, पण बघण्याची सवय खरी आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या शरीराकडे लक्ष देऊन बघायचं आणि बघताना त्याला घाबरवायचं नाही, हे आठवीतल्या मुलीच्या हाताला लागत असेल तर तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. खऱ्या दवाखान्यातही घाबरलेल्या मांजराचे ठोके आणि ताप तपासून नेमकं काही सांगता येत नाही, कारण भीतीनेच दोन्ही वाढतात.

एक मोठी गोष्ट मात्र खेळात नाही, आणि ती तुम्ही तिला सांगायला हवी. मालकाला प्रश्न विचारणं. खरा डॉक्टर जनावराला हात लावायच्या आधी विचारतो: कधीपासून खात नाही, काय खाल्लं होतं, लस कधी दिली, गोचीड दिसली का, लघवी नीट होते का. आपल्याकडे कुत्र्याला ताप आला आणि तो मलूल पडला की गोचीडतापाचा विचार करावाच लागतो, आणि तो धागा मालकाच्या उत्तरातून सापडतो. बोका सारखा लघवीला बसतो आणि थेंबही होत नाही, हे मालकाने सांगितलं तर ती तातडीची केस असते, उद्यावर ढकलता येत नाही. खेळात मालक फक्त बाजूला उभा असतो. तिला म्हणावं, प्रत्येक रोग्याच्या वेळी तू या मालकाला कोणते तीन प्रश्न विचारले असतेस ते वहीत लिही. माझ्या भाचीला हा नाद लावला आणि आता ती शेजारच्या कुत्र्याबद्दलही असंच विचारते.

औषधांच्या बाबतीत खेळातलं काहीही खऱ्या प्राण्यावर करायचं नाही, हे स्पष्ट बजावा. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चॉकलेट आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी ठरतात. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला तो नेहमीच गरम लागतो. तेवढ्यावरून ताप आहे असं ठरवून घरातली गोळी देणारे लोक आहेत.

आणखी एक. या खेळात प्राणी आजाराने मरत नाहीत, म्हातारपणानेच जातात. तुमच्या दवाखान्यात आणलेला रोगी कधीच दगावणार नाही. मुलांसाठी ते ठीक आहे, मला त्यात दोष दिसत नाही. पण ज्या मुलीला हे काम करायचंय तिला कधीतरी कळायला हवं की पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेली पिल्लं सगळी वाचत नाहीत, आणि वेदनेत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला शांतपणे निरोप देणं हाही डॉक्टरच्या कामाचा भाग आहे. हे तुम्ही तिच्याशी बोला. आठवीतली मुलगी हे समजू शकते.

करिअरचं थोडक्यात. बारावी सायन्स, बायोलॉजीसह, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, आणि मग पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धनाची साडेपाच वर्षांची पदवी. इंटर्नशिप त्यातच आली. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे. त्याशिवाय नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत. मात्र तिथे तिला फक्त कुत्री-मांजरं मिळणार नाहीत. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचा अभ्यास फार मोठा आहे, आणि तोच बऱ्याच मुलांना अनपेक्षित असतो. तुमचं गाव असेल तर सुट्टीत तिला जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, डॉक्टरांची परवानगी घेऊन एखादी सकाळ बाजूला उभी राहू द्या. गाभण म्हैस तपासताना खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. ते बघूनही तिचे डोळे चमकले, तर तुम्हाला बरंचसं उत्तर मिळेल.

जाता जाता खर्चाचं, कारण अजून एका आईने तेही विचारलंय. मूळ ‘सिम्स ४’ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण दवाखाना ‘कॅट्स अँड डॉग्ज’मध्येच आहे आणि तो विकत घ्यावा लागतो. मोबाइलवर तो चालत नाही; कॉम्प्युटर, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स लागतो. खेळ मराठीत नाही, त्यामुळे सगळं इंग्रजीतून वाचावं लागेल. ‘माय फर्स्ट पेट स्टफ’ नावाचा हॅमस्टरचा छोटा पॅक या दवाखान्यासाठी घेऊ नका; दवाखान्यातले रोगी कुत्री आणि मांजरंच असतात. पूर्ण किमतीला घाई करू नका, या पॅकवर वर्षातून बरेचदा मोठी सूट लागते.

ताई, मुलीला विचारून एवढं कळवा: तिच्या सिमचं व्हेटरिनेरियन स्किल सध्या कितव्या पायरीवर आहे, दरांची टक्केवारी किती ठेवलीय, आणि दवाखान्याला तारे किती आहेत. त्यावरून पहिला माणूस नेमका कधी घ्यायचा ते सांगते.